हसऱ्या बाळाचा दगड

दगडाला कुठं तोंड असतं, असं तुम्ही म्हणाल. मला आहे. ते माझं नाही, टिली नावाच्या एका तान्ह्या मुलीचं आहे. दोन नवे दात दाखवत ती माझ्या अंगावर हसते आहे, आणि तिच्याच तोंडानं मी आज तुमच्याशी बोलतोय.

मी शिळाछापाचा दगड. जन्म बव्हेरियाच्या खाणीतला. रंग लोण्यासारखा, आणि अंगही तसंच गुळगुळीत. बोटीतून, मग मालगाडीतून मी इंग्लंडातल्या लँकेशायरात आलो. पेंढा बाजूला करून मला बाहेर काढलं तेव्हा आधी दिसला तो धूर. गिरण्यांच्या चिमण्या उभ्या आणि धूर आडवा. इथल्या बायका धुणं वाळत घालतात आणि वाळलं की पुन्हा धुवायला काढतात.

क्रॅबट्री मालकांच्या छापखान्यात माझी जागा खाली होती. खाली हातानं फिरवायचं जुनं यंत्र, आणि वरच्या मजल्यावर वाफेवर चालणारं नवं. वरचं यंत्र सुरू झालं की छत धडधडायचं आणि माझ्यावर पांढरी भुकटी पडायची. मला ते कधीच आवडलं नाही. पण दगडाला विचारतो कोण?

आमचं काम ऐका. माझ्यावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढतात. वर डिंकाचं पाणी फिरवतात. मग मला ओलं करून शाईचा रूळ फिरवला की जिथं तेल आहे तिथंच शाई धरते. कागद दाबला की चित्र सुलटं उठतं. काम संपलं की माझ्यासारखाच दुसरा दगड माझ्यावर पालथा घालायचा, मध्ये वाळू नि पाणी, आणि गरागरा फिरवायचा. आधीचं सगळं जातं. मी पुन्हा कोरा. अशी कितीतरी सोंगं मी घेतली. चहाच्या पुड्यावरचा हत्ती झालो, बुटाच्या पॉलिशवरचा शिपाई झालो, मयताचं काळ्या काठाचं कार्डही झालो.

पूर्वी म्हणे माणसं दुकानात जाऊन नुसतं साबण द्या, मोहरी द्या म्हणायची. दुकानदार पिंपातून काढून द्यायचा. साबणाला नाव नव्हतं की तोंड नव्हतं. मग गिरण्यांनी आणि कारखान्यांनी एवढा माल केला की घेणारी माणसं पुरेनात. तेव्हा मालाला तोंडं लावायचं काम आमच्याकडे आलं. माणसाला जे नको आहे ते हवंसं वाटायला लावायचं, आणि तेही रस्त्यावरून चालता चालता. म्हणून अक्षरं जाड झाली, रंग भडक झाले. मी एक पाहिलंय, माणसाला मोठं दिसतं ते खरं वाटतं.

माझ्यावर चित्र काढायचा तो इनोक. बारीक, खोकणारा, बोटं कायम काळी. सगळं उलटं काढायची इतकी सवय, की त्याची बहीण हेस्टर म्हणायची, "आमच्या इनोकला सरळ बोललेलं कळत नाही. आरशात बघून बोलावं लागतं."

हेस्टर कापडगिरणीत विणकर. नवरा जहाजावर गेलेला. पहाटे कामगारांना उठवत फिरणारा काठीवाला खिडकीवर टकटक करायचा, ती उठायची, टिलीला शालीत गुंडाळून गल्लीतल्या पेगमावशीकडे टाकायची आणि धावत गिरणीचं दार गाठायची. दार बंद झालं की दिवसाची मजुरी गेली. पेगमावशीकडे अशी बरीच लेकरं असत. एका मोठ्या पलंगावर आडवी ओळीनं निजवलेली. दुसरं करणार काय? बाळाला दूध पाहिजे आणि दुधाला आईची मजुरी पाहिजे.

मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे इथल्या विणकर बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात आणि ओठ बघून समजून घेतात. हेस्टरला बाहेरही ती सवय. जीव घाबरला की तिचा आवाज जायचा आणि नुसते ओठ हलत राहायचे.

एकदा मदर प्लम नावाच्या बाळऔषधाचं काम आलं. काकवी घातलेलं गोड औषध. रडणारं बाळ शांत करतं म्हणे. त्यात अफू होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जुन्या बायका असलं औषध थेंबाथेंबानंच देत.

इनोकला हसरं बाळ पाहिजे होतं. जेवणाच्या सुट्टीत हेस्टर टिलीला घेऊन आली आणि तिला कागदाच्या गठ्ठ्यावर बसवलं. इनोक माकडासारखी तोंडं करायला लागला.

"असाच राहा हं," हेस्टर म्हणाली, "जास्त शोभतोस."

टिली खदखदून हसली. हातात लोणी लावलेला पावाचा तुकडा होता. ती पुढे वाकली आणि लोण्याचा पंजा तिनं थेट माझ्यावर टेकवला.

"अगं, धर तिला! आता कागदावर पंजा उठेल!"

"उठू दे की. तुझ्या चित्रापेक्षा बरा दिसेल."

तेवढासा पंजा. ऊबदार. खाणीतून निघाल्यापासून मला कुणी असं हात लावला नव्हता. त्या दिवशी इनोकनं काढलेलं तोंड माझ्या अंगात असं भिनलं की मला वाटलं, वाळूनं घासलं तरी हे जाऊ नये.

चित्रात टिली, तिच्या शेजारी औषधाची बाटली, आणि बाटलीपुढे एक छोटासा चमचा, त्यातून पडणारा एक थेंब. मालक आले, चार पावलं मागं गेले, डोळे बारीक केले.

"चमचा कुठाय?"

"हा काय, मालक."

"मला दिसत नाही, म्हणजे घोड्याच्या ट्राममधून जाणाऱ्याला दिसणार नाही. भिंतीवर लागायचंय हे, इनोक, देव्हाऱ्यात नाही. चमचा मोठा कर. पोरीच्या तोंडाएवढा."

"एवढा मोठा? बाळाला द्यायचं ते थेंबानं..."

"ते लिहू की खाली. बारीक अक्षरात."

इनोकनं चमचा मोठा केला. काठोकाठ भरलेला, चकाकणारा. वर औषधाचं नाव, माणसाच्या मुठीएवढ्या अक्षरांत. तळाशी मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक ओळीत थेंबानंच द्या असं लिहिलं. खरं सांगतो, पहिला कागद उचलला तेव्हा टिलीचं तोंड आणि तो चमचा शेजारी शेजारी बघून मला थंडी वाजली.

चित्र फार चाललं. भिंतीवर टिली, स्टेशनात टिली, कुंपणावर टिली. हेस्टर आली की सगळे चिडवायचे, "काय हो, राजघराण्यातल्या!" पेगमावशीनं एक कागद मागून नेला आणि पलंगावरच्या भिंतीला लावला.

मग हळूहळू हेस्टरच्या बोलण्यात एक एक गोष्ट यायला लागली. ती इनोकसाठी बटाटा भरलेला पाव घेऊन यायची आणि माझ्या कडेशीच उभी राहून बोलायची.

"आताशा टिली रडतच नाही रे."

"बरंय की. मामासारखी सोशिक आहे."

पुढच्या खेपेला म्हणाली, "दूध तोंडात धरते आणि तशीच झोपते. गालाला हात लावला तर गार लागते."

"थंडी किती आहे! आपण काय कमी गार आहोत?"

त्यानंतर आली ती रिकाम्या हातानं. म्हणाली, "हसत नाही रे ती. तू माकड केलंस तरी हसणार नाही." इनोक हसायला गेला आणि हसला नाही.

माझ्या अंगावर तर ती हसतच होती. रूळ फिरला की पुन्हा नवी, पुन्हा हसरी. एकीकडे खरी पोर विझत चालली होती आणि दुसरीकडे ही हजारांनी जन्मत होती.

आणि मग तो दिवस. जेवणाची सुट्टी झाली होती. दार ढकलून हेस्टर आत आली, शालीत टिली, मागे धापा टाकत पेगमावशी. हेस्टरचे ओठ हलत होते. आवाज नाही. इनोकनं तिच्या ओठांकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "काय? उठत नाही? टिली उठत नाही?"

त्यानं शाल उघडली. टिलीचे ओठ निळसर. श्वास इतक्या अंतरानं येत होता, की दोन श्वासांच्या मध्ये सगळी माणसं पुतळ्यासारखी थांबायची.

"काय दिलंस तिला?" इनोक ओरडला.

"मी काय देणार?" पेगमावशी रडायला लागली. "तुमचंच औषध दिलं. मदर प्लम. रोजच्यासारखं, एक चमचा."

"कुठला चमचा?"

तिनं कमरेच्या खिशातून काढून दाखवला. सूप प्यायचा मोठा चमचा.

"थेंबानं द्यायचं असतं, मावशी! खाली लिहिलंय!"

"मला कुठं वाचता येतं रे? मी आपली चित्रात बघते. पोरीच्या तोंडाएवढा चमचा, काठोकाठ भरलेला. मी म्हटलं, नवं औषध आहे, सौम्य असेल. पोर हेस्टरची, चित्र तिच्या सख्ख्या मामानं काढलेलं. तो काय आपल्या भाचीला खोटं पाजेल?"

इनोकनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वजन मला अजून जाणवतं.

"मावशी," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "बाकीची लेकरं?"

"निजलीत की सगळी. आताशा फार गुणी झालीत."

हे बोलता बोलताच तिचं तिला कळलं. तोंड उघडं राहिलं. मग म्हातारी वळली आणि पळाली. लाकडी तळाच्या बुटांचा खडखडाट गल्लीभर ऐकू येत होता.

समोरच्या औषधवाल्यानं सांगितलं, झोपू देऊ नका, काळी कॉफी पाजा. मग यंत्रांच्या मधून तिला घेऊन फेऱ्या सुरू झाल्या. कुणी तळपायावर चापट मारायचं, कुणी गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचं. गिरणीची शिटी झाली, दार बंद झालं असेल, हेस्टर हलली नाही. "टिली, ए टिली, रड ना गं. रड माझ्या बये." जिला गप्प करण्यासाठी सगळा खटाटोप, तिला आई हात जोडून रड म्हणत होती. वर छत धडधडतच होतं.

खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग करडा. आणि टिलीनं तोंड वाकडं केलं. बारीक, चिरकी किंकाळी निघाली. मग दुसरी. मग असा टाहो फोडला की शाई लावणारा गडी हातातला रूळ टाकून खाली बसला. लेकराचं रडणं इतकं गोड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पेगमावशीच्या पलंगावरचा गिब्सनांचा मुलगा उठला नाही. त्याचं नावही मला कळलं नाही. त्याचं चित्र कुणी काढलं नव्हतं.

इनोक मालकांकडे गेला. "चमचा काढून टाका, मालक. पाया पडतो."

"मी छापतो, पाजत नाही," मालक म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्या रडण्यानं त्याचाही चेहरा उतरला होता. "आणि खाली लिहिलेलं आहे ना?"

"वाचतं कोण?"

मालक हिशेबाची वही चाळायला लागले.

मग इनोकनं खरवडायची सुरी घेतली आणि माझ्यावर वाकला. त्यानं तो चमचा खरवडून काढला, अगदी खोल, पुन्हा कधी शाई धरणार नाही इतका. मला दुखलं. पण मी म्हणत होतो, काढ, अजून काढ. टिलीच्या गालाला मात्र त्यानं धक्का लावला नाही.

मालक दारात उभे राहून बघत होते. ते रागावले नाहीत, हेच मला भयंकर वाटलं. "वेड्या," ते म्हणाले, "मागच्या महिन्यातच तुझ्या दगडावरून या चित्राचा ठसा घेऊन तो वरच्या मोठ्या दगडांवर उतरवलाय. लिव्हरपूल, लीड्स, ग्लासगो, सगळीकडचं काम वरच होतंय. ऐक."

सगळ्यांनी वर पाहिलं. धड, धड, धड. माझ्यावर पांढरी भुकटी पडत होती.

हाताच्या यंत्राच्या काळात एक दगड पुसला की चित्र मेलं. आता तसं राहिलं नाही. आता चित्राला मरणच नाही.

इनोकचं काम गेलं. हेस्टरनं गिरणी सोडली. टिलीला पाठीशी बांधून ती लोकांच्या पायऱ्या घासते, असं ऐकतो. टिली जगली. उशिरा चालायला लागली, पण चालते. भिंतीवरच्या आपल्या तोंडाकडे बोट दाखवते तेव्हा हेस्टर तिचं डोकं दुसरीकडे फिरवते.

मी खराब दगड ठरलो. अंगणातल्या पाण्याच्या पंपाशी मला उताणा टाकलाय. पाऊस आणि काजळी अंगावर घेतो. शेजारच्या गल्लीतल्या बायका पाण्याला येतात, बादल्या माझ्यावर टेकवतात.

काल एक नवी पोरगी आली. स्वतःच अजून लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कडेवर किरकिरणारं बाळ. बादली भरेपर्यंत तिनं माझ्यावरची काजळी ओल्या हातानं पुसली. टिलीचं तोंड दिसलं, बाटली काजळीखालीच राहिली. पोरगी वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगंबाई, किती हसरं पोर हे! आणि तू बघ. रात्रभर नुसता रडतोस." मग स्वतःशीच म्हणाली, "काय बरं देत असतील हिला?"

मी जीव तोडून ओरडलो. पण माझ्या अंगावरच्या तोंडाला फक्त हसता येतं. ती पोरगी बादली उचलून गेली. गल्लीच्या टोकाला भिंत आहे, आणि भिंतीवर उत्तर लावलेलं आहे, चमच्यासकट.

तिला मला सांगता आलं नाही, ते तुम्हांला सांगतो. तुमच्या घरात तान्हं लेकरू असेल तर भिंतीवरचं बघून त्याच्या तोंडात काही घालू नका. बाळ रडलं तर रडू द्या, कंटाळा आला तरी ऐका. आणि फार वेळ गप्प राहिलं, तर हातातलं काम टाका, जवळ जा, आणि त्याची छाती हलते का ते बघा.