जेवल्यावर द्यायची पत्रं

आमचे हे, म्हणजे विजयराघव, पंधरा वर्षं नौदलात होते. वादळात जहाज आडवं झालं तरी आपल्या पोटातलं पाणी हलत नसे, असं ते सांगत. खरं-खोटं समुद्राला माहीत. पण कुंभकोणमहून दारासुरमला टाउन बसनं गेले की उतरल्या उतरल्या लिंबू हुंगत बसायचे. म्हणून पोस्टमन झाल्यावर सव्वीस वर्षं सायकल मारली. घरातल्या फरशीला 'डेक' म्हणायचे. पुसायची वेळ आली की मात्र तो डेक माझा.

त्यांना जाऊन आज तेरावा दिवस. शुभस्वीकाराच्या, म्हणजे सुतक संपल्याच्या, जेवणाआधी गेलेल्या माणसाविषयी चार शब्द वाचायची आम्हा तमिळ मुलखातल्या मराठी घरांत रीत आहे. ते आमच्या मुलीनं, कीर्तिनं लिहिले होते. सकाळी कागद घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

"अप्पांनी एकही पत्र घटकाभर अडवून ठेविलें नाहीं. कैसें आहे, अम्मा?"

"तेवढें काढून टाक."

"कां? खरें नव्हें?"

आता काय सांगणार? जहाजावर त्यांना आई गेल्याची तार मिळाली तेव्हा ताट समोर होतं. ते तसंच राहिलं, आणि पुढं दोन दिवस घास उतरला नाही. ते त्यांच्या डोक्यात असं बसलं, की पोस्टात आल्यावर काळ्या कोपऱ्यांचं कार्ड, म्हणजे कुणी गेल्याचं, ते जेवणाआधी देतच नसत. बातमी कळली की आंघोळ, रडारड, मग त्या घरात चूल कसली पेटते! तेव्हा आधी विचारायचे, "जेवलास का?" नाही म्हटलं तर कार्ड पिशवीत ठेवून पुढची गल्ली, आणि परतताना पुन्हा तोच प्रश्न. नियमानं हा गुन्हाच. हे गुपित त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं, तेही दार लावून.

कीर्तिला मी सगळं सांगितलं. दारासुरमची विणकरांची अख्खी गल्ली जेवायला येणार होती. त्यातलं कुणी उठून "खोटं!" म्हणालं तर? शेवटच्या दिवशी त्यांचं नाव जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण ती बापाचीच मुलगी. "दोन तासांनीं काय बिघडतें?" म्हणाली, आणि वाक्य तसंच ठेवलं.

तिनं ते वाचून गल्लीसाठी तमिळमध्येही सांगितलं मात्र, मागच्या रांगेत मणी विणकर मोठ्यानं हसला.

"अडवून ठेवलं नाही?" तो उठून तमिळमध्ये म्हणाला. "माझा थोरला भाऊ गेल्याचं कार्ड दोन तास यांच्या पिशवीत होतं."

मी कीर्तिकडं बघितलं. तिनं कागदात तोंड घातलं होतं.

"जेवलास का, हे आमच्या गल्लीत जो तो ज्याला त्याला विचारतो," मणी म्हणाला. "पण यांनी सायकल थांबवून विचारलं की आमचे माग थांबायचे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पिशवीत काय आहे ते."

"मग तुम्ही काय करत होता?" कीर्तिनं विचारलं.

"काय करणार? आत जायचं, रिकामं पान मांडायचं, थोडा वेळ बसायचं. मग हात धुऊन बाहेर यायचं आणि सांगायचं, पोटभर जेवलो. काय खूश व्हायचे हो! मग कार्ड काढून द्यायचे. एवढ्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला कोण सांगणार?"

आता गल्ली हसत होती, आणि दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. सव्वीस वर्षं एवढ्या माणसांनी मिळून त्यांना बनवलं! हे ऐकायला ते हवे होते असं वाटलं, आणि लगेच वाटलं, नाहीत तेच बरं. फार हिरमुसले असते.

माझे वडील गेल्याची तार मदुरैहून आली, तीही यांच्याच हाती. भर उन्हात घरी आले, चपला न काढताच म्हणाले, "जेवलीस?" मी म्हटलं, "हो, पोटभर." माझा भात मी मागच्या दारी गाईला घातला होता, सायकल नेहमीच्या आधी वाजलेली ऐकूनच. इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसाला फसवणारी मी एकटीच.