हाय का कुणी घरात?

उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावाची जोती उघडी पडतात. भिंती कधीच विरघळून गेल्या, पण दगडी उंबरे जागच्या जागी आहेत. आम्ही मासे धरणारी माणसं जाळी घेऊन त्यांच्यातून फिरतो, तेव्हा प्रत्येक उंबऱ्याशी थांबून हाक देतो, "हाय का कुणी घरात?" मग जरा वाट बघायची. उत्तर आलं नाही तर पाय आत टाकायचा. उत्तर आलं तर काय करायचं, हे माझ्या बापानं मला कधी सांगितलं नाही. त्याला एकदा आलं होतं म्हणतात. तेव्हापासून त्यानं जाळं सोडलं आणि कोंबड्या पाळल्या.

माझा शेजारी एकनाथ यानं ही हाक दिली नाही, तिथून सगळं सुरू झालं.

दोन हजार आठ सालचा मे महिना. एकनाथ म्हणजे आडदांड गडी. एकदा चिखलणीला बैल दमला, तर यानं बैलच खांद्यावर घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि डोळे माझे आहेत, तेव्हा वाद नको. तर त्या दिवशी भर दुपारी एका जोत्याच्या आत, उथळ पाण्यात, शिंगाळा अडकलेला त्याला दिसला. शिंगाळा म्हणजे मिशीवाला मासा, पाठीवर सुईसारखा काटा. हा मासा माझ्या सांगण्यात दरवर्षी थोडा वाढतो, पण त्या दिवशीही तो लहान नव्हता. हातचा जाईल म्हणून एकनाथनं उंबऱ्यावरून सरळ उडी टाकली. मासा मिळाला. मिळता मिळता काटा नडगीत गेला, पार हाडापर्यंत.

त्यानं तिथंच हातानं जखम दाबली आणि घरी आला. बायकोनं, अनसूयेनं, हळद भरली. पाय सुजला, ताप आला. बाजारातल्या डॉक्टरनं सुया दिल्या, गोळ्या दिल्या, जखम भरली. दिवाळीला त्याच जागी पुन्हा फुटली. गोळ्या घेतल्या, मिटली. शिमग्याच्या आधी पुन्हा फुटली, आणि आता तिच्यातून तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा आला. अनसूयेनं पायाचा एक्स-रे फोटो काढून घेतला आणि तो तिच्या बहिणीच्या मुलीकडे, जुईलीकडे, पाठवून दिला. जुईली मारुंजीला भाड्यानं राहायची आणि पुण्यात एका प्रयोगशाळेत रोगजंतूंवर शिकायची.

त्याच सुमारास हाका सुरू झाल्या.

दुपारची वेळ, वाडीत चिटपाखरू नाही. अनसूया भाकरी थापत असायची आणि बंद दाराबाहेरून आवाज यायचा, "अनसूये, दार उघड गं." आवाज तिच्या सासूचा. सासूला जाऊन सहा-सात पावसाळे झालेले. पहिल्यांदा अनसूयेनं पिठाच्या हातानं दार उघडलं. बाहेर ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं.

"उघडलंस कशाला?" मी तिला विचारलं.

"आबा, घरातल्या माणसाचा आवाज हो. हात आपसूक कडीला गेला."

मग अर्थात नरहरी आला. नरहरी आमचा देवरुषी. अंगारा देताना एक डोळा मिटायचा आणि कोंबडी घेताना दोन्ही उघडायचा. त्यानं नाडी न बघता निदान केलं. "तू न इचारता त्या जोत्यातल्या बाईचा उंबरा वलांडलास, एकनाथा. आता ती तुजा वलांडू बघतीया. घर बांधून घ्यावं लागंल."

घर बांधणं म्हणजे भुतासाठी घर बंद करणं. त्यानं चार कोपऱ्यांत लिंबं पुरली, चौकटीला बिब्बे टांगले, उंबऱ्यात मंतरलेले खिळे ठोकले आणि सांगितलं, "आवसंपातुर घरधन्यानं उंबरा वलांडायचा न्हाई. दवापानी बंद. देवाचं आनि डाक्टरचं एका चुलीवर शिजत न्हाई."

आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी जखम मिटली. कातडी कशी गुळगुळीत. नरहरी वाडीभर छाती काढून फिरला. बाहेरची हाकही थांबली.

दुपारी मी माझ्या ओट्यावर सुपारी कातरत होतो, तर अनसूया धावत आली. तोंड पांढरंफटक. "आबा, चला. ऐका."

मी गेलो. एकनाथ आत घोंगडीवर पडलेला. कातडी मिटलेली, पण नडगी भोपळ्यासारखी तटतटलेली आणि अंग तव्यासारखं तापलेलं. डोळे बंद. दाराला कडी. मी विचारणार की कुठं आहे आवाज, तेवढ्यात तो आला.

"अनसूये, दार उघड गं."

आतून आला. एकनाथच्या तोंडून. त्याच्या आईच्या आवाजात.

मी आयुष्यात पुष्कळ भुतं सांगितली, त्यांतली निम्मी मीच जन्माला घातली. पण त्या दुपारी माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला तो मी आठ दिवस उचलला नाही.

संध्याकाळच्या एसटीनं जुईली आली. पाठीला पिशवी, हातात तो पायाचा फोटो. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, मी हा सर्जनना दाखवला. काकांच्या हाडात मेलेला तुकडा आहे. उद्या सकाळी नेलं तर तो काढून पाय वाचवता येईल. अमावास्येपर्यंत थांबलो तर पाय गुडघ्याच्या वरून जाईल. कदाचित काकाच जातील."

एकनाथ शुद्धीवर होता. "उंबरा वलांडता येत न्हाई, पोरी."

नरहरी तिथंच बसलेला. तो खिदळला. "काय गं, तुज्या दुर्बिणीत भूत दिसतं का?"

"दिसतं की, नरहरीमामा. द्राक्षाच्या घडासारखं दिसतं."

"आनि आत कसं शिरतं म्हन्तीस? भित्ताडं फोडून?"

"भिंत फोडायची ताकद त्याच्यात नाही." ती अनसूयेकडे वळली. "मावशी, भाकरी कशी थापायची हे तुझ्या आईच्या हातानं तुझ्या हाताला दिलं ना, तशा या जंतूच्या पिढ्या एकमेकींना काही कृती देत येतात. जनुकं म्हणतात त्यांना. एका जनुकामुळे त्याच्या अंगावर चिकट हात उगवतात. आपल्या शरीरात पेशींना जागेवर धरून ठेवणारे आपलेच धागे असतात. तो त्यातला एक धागा पकडतो आणि पेशीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. पेशीला तो धागा ओळखीचा वाटतो. घरचंच कुणीतरी आलं असं समजून ती स्वतः त्याला आत ओढून घेते."

अनसूयेचा हात चुलीपाशी थबकला. "म्हंजी आपल्या मानसाच्या आवाजात हाक मारतो."

जुईलीला बाहेरच्या हाकांचं कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हो, तसंच म्हण."

"आनि आत जाऊन?"

"बरेच मरतात. काही झोपून राहतात, लहान होऊन, जिवंत आहेत की नाही कळू नये इतके गप्प. बहुतेक औषधं बाहेर रक्तात फिरतात, दाराआड नीट पोचत नाहीत. वर कातडी मिटते. मग कधीतरी ते उठतात. तेव्हा दुसरी जनुकं जागी होतात, ती विष तयार करायला लावतात, आणि ते घर फोडून बाहेर पडतात."

"मग ती हात उगवायची कृतीच काडून टाका ना," मी म्हणालो.

"आम्ही काढतो, आबा. मग तो जंतू दाराशी घुटमळत राहतो, आत जाणं त्याला जड जातं. पण हे काचेच्या बशीत. काकांच्या हाडात जाऊन कशी काढू?"

एकनाथ इतका वेळ आढ्याकडे बघत होता. "माज्याकडं आला कुटनं पन? त्या जोत्यातनं?"

जुईली जरा अडखळली. "खरं सांगू? बहुतेक तुमच्याच नाकातून. तिघांमागं एकाच्या नाकात हा राहतो, काही न करता, वर्षानुवर्षं. काट्यानं फक्त दार दाखवलं. तुम्ही नाकाला लागलेल्या हातानंच जखम दाबलीत ना?"

मी हळूच माझ्या नाकाला हात लावला. नरहरीनंही लावला, मी पाहिलं.

अनसूया उठली. उंबऱ्याकडे बघत ती सावकाश म्हणाली, "म्हंजी तो घरातच व्हता. मग ह्ये खिळं ठोकले ते कुनाला भाईर ठिवायला?"

तिनं विळा घेतला, उंबऱ्यापाशी बसली आणि विळ्याच्या टोकानं पहिला खिळा उचकटायला लागली.

"हात लावू नगंस!" एकनाथ ओरडला. "माजा पाय गेला तर जाऊ दे. ती सुटली तर शेजारी शिरंल. आबाच्या घरात शिरंल."

तेव्हा मला कळलं, हा बैल इतके दिवस का गप्प पडून होता. त्याला पायाची काळजी नव्हती, माझी होती. पण मी सवयीप्रमाणे दुसरंच बोललो. "येऊ दे तिला माज्याकडं. माजं ऐकून घ्यायला नायतरी कुनी न्हाई. दोन दिसांत तीच मांत्रिक शोधंल."

एकनाथ हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "मग काड," तो बायकोला म्हणाला.

शेवटचा खिळा निघाला, आणि एकनाथचे ओठ हलले. "सुटले गं बाई," म्हातारीचा आवाज म्हणाला. जुईलीच्या हातातला फोटो खाली पडला. नरहरी असा पळाला की त्याची सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचली.

सकाळी टेम्पोत गादी टाकून आम्ही एकनाथला नेला. सर्जननं नडगीतला बोटाएवढा मेलेला तुकडा काढला, मग कित्येक महिने औषधं चालली. जखम कितीही मिटलेली दिसली तरी अनसूयेनं एक गोळी चुकू दिली नाही. पाय वाचला. थोडा लंगडतो, एवढंच.

तो हाडाचा तुकडा अनसूयेनं मागून घेतला होता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही तिघं त्या जोत्यापाशी गेलो. एकनाथनं उंबऱ्याशी काठी टेकून हाक दिली, "हाय का कुणी घरात?" आम्ही थांबलो. पाणी दगडावर चुबुकचुबुक करत होतं. अनसूयेनं तुकडा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि आम्ही मागं न बघता परतलो. पावसाळ्यात पाणी चढलं, जोतं झाकलं गेलं.

जुईली मात्र जाताना सांगून गेली होती की एखादा झोपलेला मागं राहिला नाही, असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी उठेल, वीस वर्षांनी उठेल किंवा कधीच उठणार नाही.

म्हणून एकनाथ रोज दुपारी ओट्यावर बसतो, धोतर वर घेतो आणि बोटाच्या पेरानं नडगीवर हलकेच टकटक करतो. मग वाकून विचारतो, "हाय का कुणी घरात?"

त्या वेळी मी शेजारच्या ओट्यावर नाक झाकून बसतो. आत अनसूयेचा भाकरी थापायचा आवाज थांबतो. अजून तरी उत्तर आलेलं नाही. थोड्या वेळानं भाकरीचा आवाज पुन्हा सुरू होतो.