कुंताबाईचं उन्हाळी धान

वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्यांनी जपलेल्या सुवासिक धानाचं बियाणंही दोन मडक्यांत वाटलं गेलं. एक मडकं कुंताबाईचं, एक थोरल्या जावेचं, सुंदरबाईचं. मडकं उचलताना सुंदरबाई चार माणसांदेखत म्हणाली, "जपजो वो कुंता, तुया हाती काई टिकत नाई." एवढं बोलून ती करडीला राहायला गेली. कुंताबाई आंबागडलाच राहिली, आणि ते बोलणं तिच्याजवळ राहिलं.

पुढे करडीच्या घरात पुराचं पाणी शिरलं आणि सुंदरबाईचं बियाणं कुजून गेलं. ते धान आता दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. दिवाळीनंतर ती दोन मुठी मागायला आली, तेव्हा कुंताबाईला मनातून उकळ्या फुटल्या. "आता दोन मुठी कायले? उन्हाळी निघू दे, पायलीभर नेजो," ती म्हणाली. जावेला दारात उभं करायचं आणि तिच्यासमोर पायलीनं माप घालायचं, एवढी एकच हौस तिला उरली होती.

त्या हौसेपायी तिनं मडकं पार रिकामं करून रोपांसाठी पऱ्हे टाकले. नवरा देवाजी म्हणाला, "भारी धान हाय हे, उशिरा निघनारं. उन्हाळ्यात कोनी लावते काय?"

"पानी नव्हतं म्हनून लावत नव्हते. आता बोअर हाय." देवाजीला गप्प करायला याहून जास्त कधी लागत नसे.

रोवणी झाली आणि धानानं असा जोर धरला, की धुऱ्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. फुटवे इतके दाटले की मधली माती दिसेना. कुंताबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग शेजारच्या बांधीतलं हलकं, लवकर येणारं धान निसवलं. लोंब्या बाहेर पडल्या, दाणा भरला, बांधी पिवळी झाली. कुंताबाईची बांधी मात्र हिरवीच. कमरेच्या वर गेली तरी हिरवीच. शेवटी एका दुपारी तिनं एक काडी उपटली आणि नखानं चिरली. काडीच्या पोटात एव्हाना कोवळी लोंबी हवी होती. आत पान निघालं, आणि त्या पानाच्या आत आणखी एक पान. ती काड्या चिरत सुटली. सगळ्यांत तेच.

"दिवस लहान झाल्याबिगर हे निसवतच नाई," देवाजी म्हणाला. "बाबा सांगत. अन् आता तर दिवस वाढून राहिले."

"मंग तवा काहून नाई सांगितलं?"

"तू सांगू देल्लं काय? आता राहू दे तसंच. पानी देत राहू. दिवाळीले निसवंल, बीज वाचंल."

तो बरोबर बोलत होता आणि तिला ते कळत होतं. पण दिवाळीपर्यंत ही हिरवी फजिती गावाच्या डोळ्यांपुढे उभी राहणार होती. शेजारच्या तुलारामनं तर विचारलंही होतं, "बाई, औंदा ढोरायसाठी चारा लावला काय?" शिवाय जाऊ येणार, आणि बघणार. देवाजी तुमसरच्या बाजाराला गेला त्या दिवशी कुंताबाईनं विळा घेतला. सगळं कापलं, गोठ्यात रचलं, वर ट्रॅक्टर बोलावून बांधी नांगरून घेतली. एक ठोंबसुद्धा तिनं उरू दिला नाही. संध्याकाळी देवाजीनं ती बांधी पाहिली आणि न जेवता निजला.

दोन-चार दिवसांनी सुंदरबाई आली. डोक्यावर रिकामी टोपली होती.

"झालं काय वो उन्हाळी?"

कुंताबाई ओसरीवर उभी होती. बियाणं गेलं म्हणावं, तर चार माणसांदेखतचं ते बोलणं खरं ठरत होतं. त्यापेक्षा कंजूस म्हणवून घेणं तिला परवडलं.

"झालं. पन देत नाई."

सुंदरबाईचा चेहरा पडला. थट्टा असेल म्हणून ती जराशी थांबली, मग तिनं देवाजीकडे पाहिलं. देवाजी गोठ्यात गाईपुढे हिरव्या पेंढ्या टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बरं बाई, नको देऊ," सुंदरबाई टोपली काखेत घेत म्हणाली. "तुयाजवळ हाय ना? मंग झालं. मी तवा बोलली ते चुकलंच माह्यं. पन आता जपजो वो. मामाजीचं तेवढंच राह्यलं."

"जपून हाय," कुंताबाई म्हणाली.