कुलपातला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना आणि जरा संशयी चिमटा आहे. माझे भाऊबंद कापूस पकडतात. माझं काम उलटं. गळा आतून बंद होऊन माणूस गुदमरला, की डॉक्टर त्याच्या गळ्याला छोटीशी चीर देतात. ती चीर मी रुंद करून धरतो, म्हणजे श्वासाची नळी आत सरकते.

उल्हासनगरच्या दुकानात शेठ माझ्या शेजारची गंजकी कात्री दाखवूनही म्हणायचे, "असली स्टील है, साईं!" तेव्हापासून माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. पुढे अंबरनाथला, बुवापाड्याजवळच्या एका दवाखान्यात आलो. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. मग एके दिवशी आमच्या ट्रेमधली कात्री नाहीशी झाली. संजीवनी सिस्टरनी आमच्या लाकडी कप्प्याला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

वॉर्डबॉय नरेंद्रमामा तो कप्पा रोज पुसायचे, पुसता पुसता बोटांनी चाचपायचे. सिस्टर डोळे बारीक करून बघायच्या. मीही मनात म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं!

एका दुपारी तुळशीबाई आपल्या नवऱ्याला, वांगणीच्या बुधाजींना, घेऊन आल्या. गांधीलमाशी चावून त्यांचा गळा सुजला होता.

"डॉक्टरबाई, यांना दम घेवाला होत नाय!"

डॉक्टर प्राचींनी तोंडातून नळी घालून पाहिली. जाईना. बुधाजींचे ओठ निळे पडले.

"गळ्यातूनच घालावी लागेल. ट्रे द्या, लवकर!"

चावी सिस्टरकडे आणि सिस्टर तिसऱ्या मजल्यावर. मामांनी ऑक्सिजन सिलिंडरचा पाना उचलला.

"मॅडम, तोडतो. नाव माझंच सांगा."

कप्पा फुटला. ब्लेडने चीर पडली, मी ती धरून ठेवली, नळी आत गेली. बुधाजींची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मला माझीच लाज वाटली.

सिस्टर धावत आल्या. आधी त्यांनी आम्हाला मोजलं. सगळे होतो.

"मामा, कुठून उचकटायचं ते बरं ठाऊक तुम्हाला?"

"रोज पुसतो ना, सिस्टर. डावीकडचं लाकूड कुजलंय. दोनदा बोललो होतो तुम्हाला."

सिस्टरनी कुजलेल्या लाकडावर बोट दाबून पाहिलं. कात्री अजून सापडलेली नाही. कप्प्याला कुलूप मात्र पुन्हा लागलं नाही.

मित्रांनो, मला स्वच्छ धुवा, निर्जंतुक करा, चोरांपासूनही खुशाल जपा. पण ज्याचा श्वास अडलाय, त्याच्या आणि माझ्या मध्ये तुमचा संशय उभा करू नका.