खुंटीवरचा कमरपट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. रंग काळा, पाठीत चार पट्ट्या आणि स्वभाव पक्का संशयी.

माझा मालक आल्सीद कॅनडात, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर लॉबस्टर, म्हणजे मोठे शेवंड, पकडतो. समुद्रातून सापळा वर ओढताना त्याच्या मणक्यांमधली गादी सरकली. डाव्या पायातून पार करंगळीपर्यंत कळ जाऊ लागली. तेव्हापासून मी त्याच्या कमरेला. "हा नसता तर मी उभाच राहिलो नसतो," असं तो धक्क्यावर सांगायचा. मी फुगून जायचो.

जानेवारीत तो व्यायाम शिकवणाऱ्या मार्नीकडे गेला. तिने पहिल्याच दिवशी मला त्याच्या कमरेवरून सोडून खुर्चीवर टाकलं. त्याला पालथं झोपवून, हातांवर जोर देत छाती उचलायला लावली. ना सुई, ना गोळी. मला बाईचा संशय आला.

आल्सीदलाही आला. "पालथं पडून कुणी सापळे ओढलेत का?" तो घरी कुरकुरला.

"उभं राहून तरी तू कुठे ओढतोयस?" त्याची बायको रोझाली म्हणाली. "एप्रिलअखेर हंगाम सुरू होतोय. यंदा जमलं नाही तर बोट विकायची, हे तूच बोललास. पड पालथा."

दहाव्या दिवशी कंबर जास्तच ठणकू लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्याने मला करकचून आवळलं आणि तो भांडायलाच गेला.

"वाट लावलीस पोरी माझ्या कमरेची!"

"आणि पाय?" मार्नीने विचारलं.

 आल्सीदने पायाची करंगळी हलवली, पोटरी चाचपली. "पाय... दुखत नाहीये."

"कळ पायातून वर कमरेत सरकतेय, म्हणजे नसेवरचा दाब कमी होतोय. चांगली खूण आहे. तो पट्टा ठेवा बाजूला."

पुढे तिने त्याला वजनं उचलायला शिकवलं, शेवटी खराखुरा सापळाही. मी मात्र स्वयंपाकघरात खुंटीवर.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी दाराकडे डोळे लावून बसलो. दुपारपर्यंत येतोच विव्हळत, अशी खात्री होती. तो आला संध्याकाळी, ओलाचिंब, आणि आल्या आल्या फरशीवर आडवा झाला. संपलं, मी म्हटलं. आता मला खुंटीवरून काढणार!

तो पालथा वळला. दहा वेळा छाती उचलली, शीळ घालत.

मला रडू आलं, मित्रांनो, पण त्याची शीळ ऐकून माझा संशयही विरघळला. इतर वस्तू विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. माझ्याकडे हात आला की मला संशय येतो, आज व्यायाम चुकवलास ना? तेव्हा मला खुंटीवरच राहू द्या.