न झिजलेली किल्ली

गिऱ्हाईक काउंटरवर जुडगा टाकतं आणि म्हणतं, "हिची डुप्लिकेट द्या." मला तोंड बघायची गरजच नसते. किल्ल्या बघितल्या की माणूस कळतो. किल्ली वाकलेली असली की समजायचं, हा दारावर राग काढणारा. सात किल्ल्या, त्यातल्या पाच कशाच्या ते आठवत नाही, म्हणजे याच्या घरात जुनी वर्तमानपत्रंसुद्धा असणार. सव्वीस वर्षं हेच करतोय. लोक उगाच नाही मला उस्ताद म्हणत.

तर मागच्या महिन्यात हिने, म्हणजे बायकोने, दवाखान्यात कामाला जाता जाता मला डबा आणून दिला आणि स्वतःचा जुडगा काउंटरवर विसरून गेली. जेवता जेवता सहज उचलला. डबा बाजूला सरकवला.

आमच्या घराची किल्ली होती त्यात, पण तिच्यावर हिरवट थर चढलेला. मी कानस मारली त्या दिवसाइतकेच दात धारदार. म्हणजे ही कुलपात जातच नाही! आणि शेजारी दुसरीच एक किल्ली, दात झिजून गुळगुळीत, अंगठ्याच्या जागी लख्ख. रोजच्या वापरातली. वर कहर म्हणजे ती माझ्याच हातची. शेवटच्या दाताला मी जरा गोलाई देतो, दुसरं कोणी देत नाही.

डोकं चालेना. बायको रोज कुठलं तरी दार उघडते आणि ते आपलं नाही. दुसरा संसार? या वयात? अहो, गुडघ्याला तेल चोळत बसते ती! छे! पण किल्ली खोटं बोलत नाही, असं मीच आल्यागेल्याला ऐकवत आलोय. दुपारी एका बाईंना कपाटाच्या जागी पेटीची किल्ली कापून दिली. त्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला. शेवटी चारला, हिची दवाखान्यातून सुटायची वेळ झाली तसं, शटर ओढलं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ही पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसलेली.

"इथे काय करतेस?"

"किल्ल्या राहिल्या ना तुमच्याकडे. आणा."

जुडगा घेतला, न बघता ती गुळगुळीत किल्ली धरली आणि समोरचं दार उघडलं. शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं. त्या सहाच्या आत येत नाहीत. आत खुर्चीवर हिची शाल. खिडकीत हिचा चष्मा, ज्याच्यासाठी रविवारी मी अख्खं घर पालथं घातलं होतं.

"अगं, आपलं घर वर आहे."

"आहे. मला उघडत नाही."

"किल्ली दिलीय की तुला!"

"किल्ली दिलीत हो. हातात जोर कोण देणार?"

तिसऱ्या मजल्यावर चोरी झाली तेव्हा मी आमच्या दाराला माझं स्वतःचं कुलूप बसवलं होतं. बाहेर पडताना दार ओढलं की लागतं. उघडताना मात्र किल्ली दाबायची, दीड फेरा, मग दार उचलून आणखी अर्धा. चोराच्या बापाला जमणार नाही. त्याच वर्षी ही पडली आणि मनगट मोडलं.

"तुम्हाला सांगितलं होतं मी. दोनदा. बाईंना दया आली, त्यांनी ही किल्ली दिली. डुप्लिकेट तुम्हीच कापलीत."

"मी... तेव्हा मी काय म्हणालो?"

"म्हणालात, सवय होईल." ती खुर्चीत टेकली. "झाली. इथली."

तीन वर्षं, रोज चार ते आठ! मी आठला येतो, ही माझ्या पाठोपाठ जिना चढते. मला वाटायचं, गप्पा मारायला खाली गेली असेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी माझं कुलूप उचकटलं आणि करंगळीने फिरेल असं साधं बसवलं. गिऱ्हाइकांना मी 'हे घेऊ नका' म्हणतो, तेच. तिने किल्ली लावली, दार उघडलं. "छान आहे," म्हणाली. मला वाटलं, चला, मिटलं.

ही अजून पाठोपाठच जिना चढते. काल ती अंघोळीला गेल्यावर हळूच जुडगा घेतला. नव्या किल्लीवर एकच ओरखडा, त्या दिवसाचा. जुनी गुळगुळीत किल्ली आणखी लख्ख.

आता दार उघडतं की! मग ही वर का येत नाही? हा जुडगा दुसऱ्या कुणाचा असता तर मी एका दमात सांगितलं असतं. इथे जुडगा होता तसा परत ठेवून दिला. तिला काय विचारायचं तेही सुचेना. विचारलं आणि तिने खरं सांगितलं, तर?

आज पुन्हा चारलाच शटर ओढलं. पहिल्या मजल्यावर पाय थांबले. आतून तिचं गुणगुणणं येत होतं. घरात ती शेवटची कधी गुणगुणली, मला आठवेना. सवयीने हात पिशवीत गेला. पिशवीत पन्नासएक किल्ल्या होत्या. या दाराची एकही नव्हती.

बेल वाजवली. गुणगुणणं थांबलं.

"कोण?"

"मी," म्हणालो. "आत येऊ का?"