डावा कान

"हे काय?" पुजारीबुवांचं बोट मूर्तीच्या डाव्या कानावर थांबलं. "पाळी फाटलीय की!"

मूर्ती मी घडवलेली. उद्या देवळात बसवायची देवी, आणि आठ महिन्यांत त्या कानाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"तडा असेल तर आत्ताच सांगा," बुवा म्हणाले. "भंगलेली मूर्ती बसवता येत नाही. परत घेऊन जा, दुसरी घडवा. मुहूर्त पुढे ढकलू."

परत घेऊन जा! हेच तर मला हवं होतं.

कान माझ्या बायकोचा. लहानपणी डूल ओढला गेला आणि पाळी फाटली. माझी आई तिला सरळ 'फाटक्या कानाची' म्हणायची, आणि मी गाढव, हसायचो. ती जन्मभर त्या बाजूने केस पुढे ओढायची, फोटोतसुद्धा. तीस वर्षं माझ्या शेजारी बसून तिने दगड घासले. दोन वर्षांपूर्वी गेली. या मूर्तीचा कान घडवताना छिन्नी आपसूक तशीच चालली, मीही ती थांबवली नाही. मग रोज सकाळी ओल्या फडक्याने मूर्तीचं तोंड पुसायचं आणि तिच्याशी बोलायचं. भाजी करपली, गुडघा दुखतोय, असलंच. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला चळ लागला.

"बुवा, प्रतिष्ठापना म्हणजे नेमकं काय हो?"

"कमाल आहे! जन्म गेला मूर्ती घडवण्यात आणि हे मला विचारता?"

"मी घडवून द्यायचो. पुढचं कोण सांगतंय? आमच्या घरी हा शब्द भलत्याच कामाला होता. मी येऊन स्टुलावर बूड टेकलं की ही आतून ओरडायची, 'झाली का महाराजांची प्रतिष्ठापना? आता उठायचं नाव नको!'"

बुवा खळखळून हसले. "अगदी चूक नाही ते. मानाने आपल्या जागी बसवायचं, मग कुणी उठवायचं नाही. आज हा दगड तुमचा. उद्या मंत्र झाले की ती इथली. घडवणाऱ्यानेही मग हात लावायचा नाही."

"फडक्यानेसुद्धा?"

"फडक्यानेसुद्धा. बोला, तडा आहे का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. टेम्पो दारातच उभा होता. संध्याकाळी ती पुन्हा माझ्या शेडमध्ये आली असती. पण तिला भंगलेली म्हणायला माझी जीभ रेटेना. तेवढं एक तिने जन्मभर ऐकलं होतं.

"तडा नाही," मी म्हणालो. "मुद्दाम केलाय. तिचा कान असाच आहे."

बुवांनी पाळीवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत लागली. "मग हरकत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दोरीच्या मागे रांगेत उभा होतो. दिव्यांच्या उजेडात कान स्पष्ट दिसत होता, झाकायला केस नव्हते. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दगडाची थोडी भुकटी राहिली होती. फडकं माझ्या खिशातच होतं.

"कान बघ गं," पुढची बाई मुलीला म्हणाली. "अगदी माणसाचा वाटतो. किती छान!"

"चला आजोबा, पुढे व्हा," मागून कुणीतरी म्हणालं. मी पुढे झालो.

घरी येऊन स्टुलावर बसलो. बराच वेळ तसाच बसून राहिलो. आतून कुणी काही म्हणालं नाही.